तळ्यात काय टाकलं

पिंपळदरा,
७ जानेवारी

निके,

तुझा फोन लागत नाही. कलाबाई सांगत होती, त्या दिवशीच्या ओढाताणीत तो तळ्यात पडला आणि नवीन घ्यायचं तू नाव काढत नाहीस. तिची जीप मजूर घेऊन निफाडच्या द्राक्षबागांकडे येतेच, म्हणून तिच्या हाती हे देते. फाडून टाकलंस तरी चालेल, आधी वाच.

लखन कसा आहे? कलाबाईला विचारलं तर "हाय, जातो कामावर" एवढंच म्हणते आणि जीपचा दरवाजा लावून घेते.

मी त्या दिवशी गावात नव्हते. घोटीच्या बाजारात मासळीच्या पाट्या लावून बसले होते. दुपारी आले तर तुमच्या झोपडीला कडी आणि अंगणात फाटलेलं जाळं. जे कळलं ते इतरांच्या तोंडून. तसंच लिहिते, चुकत असेल तर तू दुरुस्त कर.

आठवडाभर आभाळ भरलेलं होतं, ऊन कसं ते नाही. सकाळी धुकं एवढं की तळ्याच्या बांधावरून पलीकडची वाडी दिसायची नाही. त्या सकाळी मच्छीमार सोसायटीची माणसं जाळी घेऊन गेली तर पाण्यावर नुसती तोंडंच तोंडं. कटले, रोहू, मृगळ, सगळे वर आलेले. तोंड उघडायचे, मिटायचे, पुन्हा उघडायचे. पाण्यात हात घातला तरी पळत नव्हते. पोरांनी हातानं उचलले, बायांनी पदरात घेतले. निम्मं गाव हसत होतं म्हणे, आज देवानं घरपोच दिलं. मग मोठेमोठे कटले उलटे व्हायला लागले, तसं हसू थांबलं. कुणीतरी म्हणालं, औषध टाकलं. कुणीतरी म्हणालं, काल सांजच्याला लखन टायरची ट्यूब घेऊन मासे धरायला पाण्यात होता.

त्यानंतर कुणी काही विचारलंच नाही. तो ठाकरवाडीतला, तुझ्याशी लग्न केलेला, सोसायटीनं सभासद करून न घेतलेला. लोकांना आणखी काय पाहिजे? त्याला पारापर्यंत ओढत नेलं, मारलं, तू मध्ये पडलीस. आपले आबा बाजूला उभे होते असं मला सांगितलं. सोसायटीचे चेअरमन म्हणून त्यांनीच घोटीच्या पोलीस ठाण्यात तक्रार दिली. पोलीस वाडीत येऊन तुझ्या सासूला, चिमणाबाईला विचारून गेले. तिनं तुमचा पत्ता सांगितला नाही.

आईला त्या दिवशी घराबाहेर पडू दिलं नव्हतं. तू जाताना काय बोललीस ते साऱ्या गावाच्या तोंडी आहे: "माझा बाप आज मेला." आईच्या कानावर आलं. तेव्हापासून ती बोलतच नाही म्हटलं तरी चालेल.

जपून राहा. निफाडची थंडी वाईट असते.

सविताताई


पिंपळदरा,
१५ जानेवारी

निके,

तुझं पत्र कलाबाईनं काल आणून दिलं. कसल्या कागदावर लिहिलंस ग, द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठाच. चारच ओळी, पण मी त्या चुलीपुढे बसून कितीदा वाचल्या सांगता येत नाही.

"आबा बाजूला उभे नव्हते. पहिली थप्पड त्यांची. लखनला त्या दिवसापासून डाव्या कानानं ऐकू येत नाही. मला मासे कसे मेले ते लिहू नकोस."

हे मला इथे कुणीच सांगितलं नव्हतं. आबांनी तर नाहीच. मी तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती, ती थापतच राहिली, आणि ती भाकरी करपली. आबांना अजून दाखवलेलं नाही. का ते विचारू नकोस. मी सासर सोडून आले तेव्हा सगळे म्हणत होते परत पाठवा, आणि ह्याच माणसानं मला घरात घेतलं, मासळीच्या पाट्या माझ्या हाती दिल्या आणि सांगितलं, आता कुणाच्या दारात उभी राहू नको. तोच हात लखनच्या कानावर पडला हे माझ्या मनात अजून नीट बसत नाही.

नाशिकला गंगापूर रोडला एक कानाचे डॉक्टर आहेत, त्यांचा पत्ता सोबत देते. लखनला घेऊन जा. उशीर करू नकोस.

आणि माशांचं लिहू नको म्हणतेस, पण लिहिलंच पाहिजे. त्यात लखनचं आहे.

त्या दुपारी मी तुमच्या झोपडीवरून तशीच तळ्यावर गेले होते. तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. मेले होते ते मोठे मासे. बोटाएवढी पिल्लं काठाला जिवंत होती. दगडाखाली खेकडे फिरत होते. मरळ तर एकही मेली नव्हती. औषध काय मोठा मासा बघून मारतं? आणि पोरांनी घरी नेलेले मासे लोकांनी खाल्ले, कुणाला काही झालं नाही. बगळे दिवसभर खात होते, तेही ठीक. हे मी आबांना म्हटलं तर म्हणाले, "तू बाजार बघ."

मग मी नाशिकला मत्स्य खात्याच्या कचेरीत गेले. तिथे साक्षी मॅडम म्हणून आहेत, माझ्यापेक्षा लहानच असतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी येते. पण सकाळी, ऊन वर यायच्या आत." आल्या खरंच. अंगात स्वेटर, हातात एक मीटर, त्याला लांब वायर. सोसायटीच्या होडीतून मध्यापर्यंत गेल्या. आबा बांधावर उभे होते, हात मागे बांधून.

परत आल्यावर मॅडम म्हणाल्या, "वरच्या पाण्यातच ऑक्सिजन कमी आहे, आणि खाली तर नाहीच म्हणा. मासे गुदमरले होते."

आबा म्हणाले, "हिवाळ्यात? उन्हाळ्यात होतं म्हणा. थंड पाण्यात हवा जास्त राहते, एवढं आम्हालाबी कळतं."

"बरोबर आहे तुमचं," मॅडम म्हणाल्या. "पण आठवडाभर ऊन नव्हतं. पाण्यातलं शेवाळं उन्हावर हवा तयार करतं, ते बंद पडलं. तळाशी काहीतरी कुजतंय, ते असलेली हवा खातंय. त्यात थंडीनं वरचं पाणी जड होऊन खाली बसलं आणि तळाचं घाण पाणी वर आलं." मग त्यांनी विचारलं, आधी काही दिवस मासे वेगळे वागत होते का?

मला सगळं आठवलं. खाद्य टाकलं तर तसंच तरंगत राहायचं. खोल पाण्यात जाळं टाकलं तर रिकामं, आणि ओढ्याचं पाणी तळ्यात येतं त्या तोंडाशी टाकलं तर एका ओढीत भरायचं. आमची माणसं खूश होती, मासा एका जागी सापडतोय म्हणून. मी मॅडमना हे सांगितलं.

त्या म्हणाल्या, "थंडीत मासा सुस्त होतो, खाणं कमी करतो, थोड्या हवेवर भागवतो. हवा आणखी कमी झाली की वाहत्या पाण्याकडे सरकतो. तेही पुरेना की वर येऊन तोंड उघडतो. मरळीला वरची हवा घेता येते, म्हणून ती वाचली. आता सांगा, तळ्यात काय घातलं होतं?"

"नेहमीचं खाद्य," आबा म्हणाले.

निके, दिवाळीनंतर पोल्ट्रीवरून कोंबडखताचे ट्रॅक्टर आले होते, तुलाही आठवत असेल. वाडीपर्यंत वास येत होता. शेवाळं वाढेल, मासा लवकर मोठा होईल म्हणून आबांनीच सभेत ते ठरवून घेतलं होतं. आणि मासे खात नाहीत म्हणून वरून आणखी पेंड टाकायला लावली होती. ती सगळी तळाशी जाऊन कुजत होती.

मी आबांकडे बघितलं. ते पाण्याकडे बघत होते. मी म्हटलं, "आबा, कोंबडखताचं सांगा ना."

मॅडमनी दोघांकडे पाहिलं. आबा बांधावरून उतरून घराकडे चालायला लागले.

घरी आल्यावर म्हणाले, "चार माणसांत बापाला उघडं पाडायला घरात घेतलं होतं का तुला?"

मी म्हटलं, "लखनला औषधवाला ठरवलंत तेव्हा चार नाही, सगळं गाव होतं."

ते जेवले नाहीत. मीही नाही. आईनं ताटं झाकून ठेवली आणि आमच्यातल्या एकालाही जेवा म्हटलं नाही.

सविताताई


पिंपळदरा,
२७ जानेवारी

निके,

बरंच झालंय. नीट ओळीनं सांगते.

मॅडमचं म्हणणं मी सोसायटीच्या सभेत मांडलं. कुणाला पटलं नाही. एक जण म्हणाला, बहिणीसाठी बोलते. दुसरा म्हणाला, त्या मॅडमला कुणी बोलावलं होतं? आबा खुर्चीवर होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "पोलीस बघतील काय ते." मी सभेतून उठून आले. त्या रात्री वाटलं, पाट्या गुंडाळाव्यात आणि घोटीत खोली घेऊन राहावं. पण मग आई एकटी पडली असती.

मॅडमनी जाताना सांगितलं होतं की आभाळ पुन्हा आलं तर पुन्हा होईल. जलपर्णी काढा, खाद्य बंद करा, मोटर लावून पाणी उंचावरून तळ्यात पाडा. कुणी काही केलं नाही.

गेल्या आठवड्यात आभाळ परत आलं, तुमच्याकडेही आलं असणार. दोन दिवस धुकं हटलंच नाही. तिसऱ्या दिवशी उजाडताना सोसायटीचा राखणदार ओरडत आला. मी धावत गेले. निके, मी हे आधी फक्त ऐकलं होतं, बघितलं नव्हतं. सगळं तळं तोंडांनी भरलेलं. आवाज येत होता, हलका, चपचप, चपचप, हजारो तोंडांचा. माझ्या पायाशी एक कटला होता, एवढा मोठा की दोन हातांत मावला नसता. मी वाकले तरी हलला नाही. त्याला मी दिसतच नव्हते. त्याला दुसरं काहीच सुचत नव्हतं.

लोक जमले. आज कुणी हसत नव्हतं. मी मोठ्यानं विचारलं, "आज कुणाची ट्यूब होती पाण्यात? लखन तर निफाडला आहे."

आबा माझ्या मागेच उभे होते, मला माहीत नव्हतं. त्यांनी काठावर चपला काढल्या आणि पाण्यात उतरले. त्या थंडीत, छातीइतक्या पाण्यात. "मोटर आणा," म्हणाले. "दोन्ही आणा. पाइप मी धरतो." विहिरीवरच्या मोटरा आणल्या. तळ्याचंच पाणी उचलून वरून पाडायला सुरुवात केली. पाइपाला झटका बसत होता, आबांना तो पेलवत नव्हता, तरी दुसऱ्याला देईनात. पाणी जिथं पडत होतं तिथं मासे येऊन दाटले, आबांच्या अंगाला घासत होते. बायांनी कोयते घेतले आणि जलपर्णी ओढून काठावर टाकायला लागल्या. दहाच्या सुमाराला धुकं फाटलं, ऊन आलं, आणि हळूहळू एकेक तोंड खाली गेलं. बरेच मेले. पण पहिल्या वेळेइतके नाही.

आबा बाहेर आले तेव्हा ओठ निळे पडले होते. मी घोंगडी टाकली. त्यांनी ती बाजूला केली आणि तिथंच, बांधावर, ओल्या कपड्यांनी बोलले:

"त्या पोरानं काय टाकलं नव्हतं. टाकलं ते आम्ही. मी टाकायला लावलं, कोंबडखत आणि वर पेंड. मला त्या मॅडमनी सांगितलं तेव्हाच कळलं होतं. मी गप बसलो."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. लखनवर हात टाकणारे त्यांतच होते. एकानंही "चुकलं" म्हटलं नाही. एक जण तर म्हणाला, "झालं ते झालं, आबा, आता घरी चला, ताप भरेल." मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

आबा त्याच दिवशी घोटीला जाऊन तक्रार मागे घेऊन आले. तिथून वाडीत गेले, चिमणाबाईकडे. मी सोबत होते. त्या दारात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. आबांनी जे बांधावर सांगितलं तेच सांगितलं. चिमणाबाईंचा हात थांबला नाही. म्हणाल्या, "मला कशाला सांगता? मारलं मला हाय का?"

परत येताना वाटेत मी आबांना लखनच्या कानाचं सांगितलं. तुझं पत्रच दाखवलं. ते बांधावर बसले आणि पुठ्ठा बराच वेळ हातात धरून होते. मग म्हणाले, "कलाबाईची जीप कवा निघते?"

ते येतायत, निके. हे पत्र त्यांच्या आधी पोचावं म्हणून आज निफाडला निघालेल्या एका बाईच्या हाती देते आहे. त्यांच्याशी बोल असं मी म्हणत नाही. ते येतायत एवढंच तुला आधी कळलेलं बरं.

सविताताई


पिंपळदरा,
४ फेब्रुवारी

निके,

आबा परत आले. तिकडे काय झालं ते तुला माहीत आहे, पण ते घरी कसं आलं ते तुला कळावं.

आल्यावर हातपाय धुतले, ओटीवर बसले आणि आपणहून सांगायला लागले. मी न विचारता आबांनी काही सांगितल्याचं मला आठवत नाही. म्हणाले, तू मजुरांच्या शेडच्या दारात उभी होतीस, आत ये म्हणाली नाहीस. जे बोलायचं ते त्यांनी तुझ्यापुढे बोलून टाकलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "हे मला नका सांगू, त्याला सांगा." मग ते बागेत गेले. लखन वेलीखाली पाठमोरा उभा राहून घड कापत होता. आबांनी हाक मारली. तो वळला नाही. पुन्हा मारली, तरी नाही. त्यांना वाटलं, मुद्दाम करतोय, एवढं लांब आलो आणि हा पाठ दाखवतो. राग आला, म्हणाले, निघूनच जावं असं वाटलं. मग लक्षात आलं की आपण त्याच्या डाव्या हाताला उभे आहोत.

एवढं सांगून ते थांबले. तोंड पंच्यात धरलं. पुढचं त्यांनी थोडक्यात सांगितलं: वळसा घालून समोर गेले, बोलले, लखननं कात्री खाली ठेवून सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आबा, तळ्यात मी काय टाकलं नाय हे मला माहीत होतं. तुमालाबी माहीत असंल असं वाटलं होतं." आणि परत कामाला लागला. गावात परत येणार का, असं त्यांनी विचारलं तर म्हणाला, निकीला विचारा. आणि तू मान हलवून नाही म्हणालीस.

मला तुझा राग नाही. मीही आले नसते.

आबांचं सांगून झालं तरी आई खांबाला टेकून उभीच होती. आबा तिला म्हणाले, "माझं जे होतं ते मी बोलून आलो. आता त्यांची मर्जी."

आई म्हणाली, "तुमी बोलून मोकळे झाले. मी तर पोरीला अजून बघितलंबी नाय."

निके, त्या दिवसापासून तिचं एवढं लांब वाक्य घरात कुणी ऐकलं नव्हतं. ती आत गेली आणि पेटी उघडली. दोन लुगडी, पांघरुणं, नाचणीचं पीठ, तुला आवडतो म्हणून वाळवलेला जवळा. लखनच्या कानासाठी तिनं कुठून तरी कसलंसं तेल मागून आणलं होतं, ते मी काढून घेतलं आणि म्हटलं, कानात काही घालू नको, त्याला डॉक्टरकडे ने. गंगापूर रोडचा पत्ता तिच्या पदराला बांधून दिलाय. तू नेलं नसशील तर ती नेईल. ती आता कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नाही.

आबांना आधी वाटलं, चार दिवस जाऊन येईल. मग पांघरुणं बघून त्यांच्या लक्षात आलं. "घराचं काय?" म्हणाले. "सविता हाय," ती म्हणाली. "आणि तुमाला भाकरी येत नसंल तर आता शिका."

आज सकाळी ती कलाबाईच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली. आजवर ती घोटीच्या बाजारापलीकडे एकटी गेलेली नाही. पत्राचा हा शेवट मी जीपच्या बॉनेटवर ठेवून लिहिते आहे, कलाबाई हॉर्न वाजवतेय. तळं आज शांत आहे, ऊन पडलंय. आबा तिच्या बाजूच्या दरवाजाशी उभे आहेत. त्यांनी आताच तिला विचारलं, परत कधी येशील.

ती समोर बघत म्हणाली, "निकी पाठवंल तवा."

सविताताई